टेंडरच्या अटी आपण वाचायला हव्यात

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय टेंडर आहे हे कळल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. हिंसाचार, पोटगी, रेशन, मजुरी हे आपले विषय. टेंडर म्हणजे ठेकेदारांचं आणि साहेबांचं काम, असं आपण धरून चालतो. पण अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात काय पडणार, ते कोण शिजवणार आणि त्याचे पैसे कुणाच्या हाती जाणार, हे टेंडरच्या कागदावर ठरतं. तो कागद मात्र आपण वाचत नाही.

जरा मागे जाऊ. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. २००१ साली पीयूसीएलने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या याचिकेत ७ ऑक्टोबर २००४ रोजी न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत. धान्याची खरेदी आणि स्वयंपाक शक्यतो गावकरी, बचत गट आणि महिला मंडळं यांच्यामार्फत व्हावा. आपल्याला वाटलं, लढाई जिंकली. बायांच्या हाताला काम आणि पोरांना ताजं अन्न, दोन्ही साधलं.

पण आदेशात 'महिला मंडळ' हा शब्द आला आणि तोच शब्द ठेकेदारांच्या कामी आला. २०१२ साली न्यायालयाच्या अन्न आयुक्तांच्या वतीने एक अहवाल सादर झाला. महाराष्ट्रात घरपोच आहाराचं काम कागदावर महिला संस्थांकडे, पण प्रत्यक्षात खाजगी कंपन्यांकडे असल्याचं त्यात म्हटलं होतं. पुढे २०१६ साली राज्याने नवं टेंडर काढलं. अनेक प्रकल्प एकत्र बांधून मोठे गट केले आणि वार्षिक उलाढालीच्या अटी अशा घातल्या की गावातला बचत गट अर्जाच्या पायरीवरच थांबावा. काही बचत गट न्यायालयात गेले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते टेंडर रद्द केलं आणि नव्याने काढायला सांगितलं.

यातून एक गोष्ट शिकायची. 'बायांना काम देऊ नका' असं कुठल्याही टेंडरमध्ये लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते एवढंच: गेल्या तीन वर्षांची उलाढाल इतकी हवी, अशाच कामाचा पूर्वानुभव हवा, बयाणा रक्कम इतकी भरा, डिजिटल सही करा. प्रत्येक अट सुटी पाहिली तर रास्त वाटते. सगळ्या एकत्र आल्या की दार बंद होतं. ज्यांना कधी मोठं काम मिळालंच नाही, त्यांनी मोठ्या कामाचा अनुभव आणायचा कुठून?

काम मिळालं तरी प्रश्न संपत नाही. २०१७ साली केंद्राने सहा वर्षांखालच्या मुलाच्या आहाराचा दर दिवसाला ८ रुपये ठरवला. समजा, तो सगळा दर गटाच्या हाती येतो. ४० मुलं आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर महिन्याचे ८,००० रुपये झाले. बिल तीन महिने अडलं तर २४,००० रुपये गटातल्या बायांनी सरकारला बिनव्याजी वापरायला दिले असा त्याचा अर्थ. मोठा ठेकेदार हे सहज सोसतो. आपण किराणा दुकानदाराच्या उधारीवर सोसतो, नाहीतर कुणाचं तरी डोरलं गहाण पडतं.

आता थोडं देशाबाहेर पाहू, कारण सरकारी खरेदी ही जगाच्या व्यापारातली फार मोठी बाब आहे. डंकेल प्रस्तावाविरुद्ध चळवळींनी मोर्चे काढले होते ते तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९९४ साली मराकेशला त्या वाटाघाटी संपल्या, तेव्हाच सरकारी खरेदीचा एक वेगळा करारही झाला. सही करणाऱ्या देशाने परदेशी कंपन्यांना आपल्या खरेदीत बरोबरीने बोली लावू द्यावी, असा तो करार. भारताने त्यावर सही केली नाही. २०१० पासून आपण तिथे फक्त निरीक्षक आहोत. पण दार हळूहळू किलकिलं होतंय. संयुक्त अरब अमिरातींशी २०२२ साली झालेल्या व्यापार करारात सरकारी खरेदीचं प्रकरण आलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या करारातही ते आहे. त्यात केंद्राच्या खरेदीचा काही भाग खुला केला आहे, राज्यांची खरेदी बाहेर ठेवली आहे. म्हणजे उद्या अंगणवाडीची खिचडी लंडनहून येणार, असं कुणी घाबरवलं तर विश्वास ठेवू नका. पण पुढचा करार होताना काय आत घेतलं जातंय, यावर लक्ष ठेवा.

दुसरा प्रवाह आपल्या बाजूचा आहे. अमेरिकेने १९९४ साली केंद्रीय खरेदीतला ५ टक्के वाटा स्त्रियांच्या उद्योगांना देण्याचं उद्दिष्ट ठरवलं. ते पहिल्यांदा गाठलं २०१५ मध्ये! केनियाने २०१३ पासून स्त्रिया, तरुण आणि अपंग यांच्यासाठी मिळून ३० टक्के सरकारी खरेदी राखून ठेवली. आपल्या केंद्र सरकारने २०१२ च्या खरेदी धोरणात २०१८ साली दुरुस्ती करून स्त्रियांच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी ३ टक्के वाटा ठरवला. टक्का मिळाला म्हणजे काम मिळालं असं नाही, हे अमेरिकेच्या एकवीस वर्षांवरून दिसतं.

आणि टक्का आला की नावाला बाई शोधणंही आलं. एका गावात एक ताई मला म्हणाली, "अध्यक्ष मीच आहे, सहीपण माझीच. चेकबुक मात्र मी कधी पाहिलं नाही." तिला दोष देऊन भागणार नाही. पण आपल्यातल्याच काही पुढारी बायांनी अशी नावं गोळा करून दिली, हे इथे बोललंच पाहिजे. ठेकेदाराला नाव उसनं देणं म्हणजे शेजारणीचं काम विकणं आहे.

तेव्हा करायचं काय? गावात, तालुक्यात आहाराचं किंवा गणवेशाचं टेंडर निघालं की त्याच्या अटी बैठकीत मोठ्याने वाचा. माहिती अधिकाराखाली काम कुणाला दिलं, बिलं कधी फेडली, हे विचारा. काम लहान भागांत विभागा, उलाढालीची अट कामाच्या आकाराला धरून ठेवा, अशी मागणी करा. गटाची उद्योग म्हणून नोंदणी करून घ्या. नोंदणी झालेल्या लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत फेडलंच पाहिजे, नाहीतर व्याज द्यावं लागतं, असं २००६ चा कायदा सांगतो. हा कायदा सरकारी खात्यांनाही लागू आहे.

सवलत मागताना एका बाबतीत मात्र ती मागू नका. धान्य निवडलेलं हवं, पाणी स्वच्छ हवं, वजन पुरं हवं. ते ताट आपल्याच पोरांचं आहे. त्यात काटकसर करणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध आपण लढलो, तेव्हा आपलं माप त्याच्यापेक्षा भरलेलं असलं पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या तालुक्यातलं एक टेंडर घेऊन या. समजलं नाही तरी चालेल. आपण बसून वाचू.