करारावर गेले, घरधनी झाले
(बीड जिल्ह्यात ऊसतोडीस निघालेल्या मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



दसरा सरला. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतील टोळ्या आता पोराबाळांसह कारखान्यांच्या वाटेला लागतील. निघण्यापूर्वी तुमच्यासारखीच उसाच्या कामास गेलेली जी दुसरी मराठी कुटुंबे, त्यांची हकीकत आम्ही सांगणार आहोत. ती समुद्रापलीकडे मॉरिशस बेटात गेली आणि तेथेच राहिली. त्यांच्यापासून आपणास काय घेता येईल, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मॉरिशस तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. ऊस हे तेथील मुख्य पीक. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त हात हवे झाले. त्याच्या थोडे आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून निघालेल्या ‘अॅटलास’ गलबतातून ३६ मजूर तेथे उतरले होते. पुढे १९१० पर्यंत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे गेली. कलकत्ता व मद्रासेप्रमाणे मुंबई बंदरातूनही गलबते सुटत. त्यांत रत्नागिरीकडची व साताऱ्याकडची आपली माणसे होती.

करार कसा होता म्हणाल, तर पाच वर्षांचा. गड्यास महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापावयाची! १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालासुद्धा तसबीर लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे; तो नसला की तुरुंग. मजुरांच्या टोळीवर जो नेमलेला असे त्याला तेथे ‘सरदार’ म्हणत. तोच माणसे जमवी, कामावर उभा राही, अडचणीला उसने देई. हा सरदार कोण, हे तुम्हांस सांगावयास नको. तुमचा मुकादम तो हाच. आणि खाडा पडला की मजुरी बुडून वर दंड बसतो, हेही तुम्ही जाणताच.

मग ही माणसे वर कशी आली? मळेवाल्याला दया आली म्हणून नव्हे. वस्तीतील काही काही कुटुंबांनी, ज्यांचा पैसा कोणी देत नाही अशी कामे आपण होऊन अंगावर घेतली म्हणून.

कोणी आपली झोपडी संध्याकाळी मोकळी करून दिली. तिला ‘बैठका’ म्हणत. तेथे पोरांना अक्षरे शिकवीत व मोठी माणसे सुखदुःख बोलत. हेन्रिएटा गावी भिवाजी घराण्याने १८९६ साली गणपती बसविला. त्या बेटातला तो पहिला गणेशोत्सव, असे तेथील लोक सांगतात. आज त्या दिवशी साऱ्या देशाला सुटी असते! कोणी झाकरीचा नाच व गाणी पोरांच्या पायांत आणि तोंडांत राहू दिली. कोणी परसात भाजी लावून, गाय पाळून दोन पैसे बाजूला टाकले. मोठे मळे तुकडे करून विकू लागले तेव्हा पै-पैचा हा साठा कामी आला आणि कालच्या मजुराच्या नावावर जमीन चढली. त्या जमिनीच्या व्यवहारांत पुष्कळ सरदारांनीही हात दिला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सगळेच सरदार मजुरांच्या वाईटावर नव्हते.

आणखी एक काम मोठे धैर्याचे होते. १८७१ साली एका गोऱ्या मळेवाल्याने, द प्लेव्हिट्झ त्याचे नाव, मजुरांचा अर्ज सरकारकडे नेला. त्यावर ९,४०१ माणसांची नावे होती. पुढच्याच वर्षी चौकशीस शाही कमिशन नेमावे लागले. एकट्याची तक्रार म्हणजे कुरकुर. हजारोंची ती फिर्याद. १९०१ साली गांधी तेथे उतरले, तेव्हा त्यांनी मुलांना शिकवा, कारभारात शिरा, हेच सांगितले. १२ मार्च १९६८ रोजी तो देश स्वतंत्र झाला आणि मजुरांचे नातू राज्यकर्ते झाले.

आता आपल्याकडे या. मॉरिशसची वस्ती एका जागी राहिली, म्हणून केलेले काम साठत गेले. तुमची कोपी मात्र पट्टा पडला की मोडते, आणि पुढल्या साली उचलीपासून पुन्हा पहिला पाढा! म्हणून ही कामे जागेला बांधून चालणार नाहीत. ती टोळीबरोबर गेली पाहिजेत.

टोळीत दहा कोयते असोत की वीस, निघण्याआधी चार कामे वाटून घ्या. एकाने वही धरावी: उचल किती, टन किती, खाडे किती, हे ज्याच्या त्याच्या देखत रोज लिहावे. लिहिणारा घरात नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. दुसऱ्याने पोरांचे पाहावे: गावात हंगामी वसतिगृह आहे काय, नसेल तर आजीपाशी कोणाची पोरे राहतील, हे आजच ठरवा. तिसरे काम एखाद्या जाणत्या बाईचे. बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार या जिल्ह्यात एवढा वाढला की २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. दुखणे आले तर दुसऱ्या डॉक्टराचे मत घेतल्याखेरीज कोणा बहिणीने शस्त्रक्रियेस होकार देऊ नये, हे त्या बाईने पाहावे. चौथ्याने ऊसतोड कामगार म्हणून सर्वांची नोंद ग्रामपंचायतीत करून ओळखपत्रे घ्यावी, आणि तक्रार असेल तेथे एकट्याने नव्हे, टोळीने जावे.

यांत पैसा लागत नाही. लागते ते एकमेकांवरचे लक्ष. सातासमुद्रापलीकडे, परक्याच्या राज्यात, परवाना खिशात घेऊन फिरणाऱ्यांनी हे केले. तुम्ही तर आपल्याच मुलखात आहात, मताचा हक्क तुमच्या हाती आहे. गाडीत कोयता ठेवाल तेव्हा त्याच्या शेजारी ती वही ठेवण्यास विसरू नका, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.