मद्रासचा बर्फ आणि कुमारांची हॉकी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सूचनापत्रावर आजचा विषय ‘बर्फावरील हॉकी आणि तिच्या कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा’ असा छापून आला, तेव्हा दोघातिघांनी मला दूरध्वनी करून, छापखान्याची काही चूक झाली आहे काय, अशी पृच्छा केली. ती साहजिकच होती. चेन्नईत हॉकी म्हटली की एग्मोरचे मेयर राधाकृष्णन मैदान डोळ्यांपुढे येते. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तेथे आणि मदुराईत कुमारांचा विश्वचषक झाला, चोवीस देशांचे संघ आले आणि आपल्या मुलांनी अर्जेंटिनाला ४-२ असे हरवून कांस्यपदक मिळविले. आपल्यापैकी कित्येकांनी ते सामने प्रत्यक्ष पाहिले असतील. त्या हॉकीस मैदान आहे, प्रेक्षक आहे, इतिहास आहे. मी बोलणार आहे ते तिच्या धाकट्या बहिणीविषयी. हिच्यापाशी यांपैकी फारसे काही नाही. मुळात पायांखालची जमीनच वर्षातून दहा महिने नसते.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली हा धर्मच असतो. त्या धर्मानुसार माझा एक हिवाळा लेह येथे गेला. साडेतीन हजार मीटर उंचीवरील त्या गावात डिसेंबरच्या मध्यास तळी गोठतात आणि शाळांना लांब सुट्टी लागते. गावातील करझू नावाच्या तळ्याकाठी सकाळच्या वेळी उभे राहिले की जो आवाज ऐकू येतो, तो आपल्याकडच्या कोणत्याही खेळाचा नव्हे. पोलादी पात्यांची खरखर, आणि मध्येच रबरी चकती लाकडी फळीवर आदळल्याचा धाडकन् आवाज. दहा-बारा वर्षांची मुले-मुली, अंगावर मापाला न बसणारे जाड कपडे, आणि वेग असा की आपण घाबरून मागे सरावे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. बाजूस सहा खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. वीस मिनिटांचे तीन डाव. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलता येतात, कारण इतक्या वेगात कोणाचाही दम मिनिटभरापलीकडे टिकत नाही. बंदिस्त रिंगणातील पहिला जाहीर सामना कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ३ मार्च १८७५ रोजी झाला, आणि १९२० साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. नियमांचा बाकीचा तपशील खेळताना आपोआप समजतो.

लडाखमध्ये तो रुजविला मुख्यत्वे सैन्यातील जवानांनी. लष्करी बुटांना पाती ठोकून स्केट तयार करावे, अंगावर मिळेल ते संरक्षण चढवावे, अशी सुरुवात होती. राष्ट्रीय संघटना १९८९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. परंतु भारताचा पुरुष संघ आशियाई स्पर्धेत उतरावयास २००९ साल उजाडले. मुलींचा संघ २०१६ साली प्रथम परदेशी गेला, तोही लोकवर्गणी जमवून. पुढच्याच वर्षी त्यांनी फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळविला आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणले. हे यश मला अनेक गाजलेल्या विजयांहून मोठे वाटते, आणि त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे.

ते अंकगणित असे. लेहला खेळण्याजोगा बर्फ साधारण दोन महिने मिळतो. मूल बाराव्या वर्षी खेळू लागले आणि विसाव्या वर्षी कुमार गटातून बाहेर पडले, तर त्याच्या वाट्याला आठ हिवाळे येतात. आठ गुणिले साठ म्हणजे चारशे ऐंशी दिवस. सव्वा वर्षाच्या थोडे वर. त्यातही दुपारी ऊन चढले की वरचा थर मऊ पडतो आणि खेळ थांबवावा लागतो. थंडीच्या देशातील बरोबरीचा मुलगा छपराखालच्या रिंगणावर वर्षातील बहुतेक महिने सराव करतो. आपला कुमार खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत येतो तो या अशा शिदोरीवर. आणि एखादे वर्षी थंडी उशिरा आली, तर स्पर्धेच्या तारखा पुढे जातात, सामने कमी होतात, पंधरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष हातचे जाते. प्रौढ खेळाडू पुढच्या वर्षाची वाट पाहू शकतो. कुमाराचे वय मात्र वाट पाहत नाही. सिमल्याचे १९२० सालापासूनचे रिंगणही नैसर्गिक बर्फाचेच, आणि तेथेही खेळाचे दिवस पूर्वीइतके राहिलेले नाहीत. स्पितीतील काझा येथे २०२२ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीही उणे तापमानाच्या भरवशावरच.

आता आपण म्हणाल, हे सारे हिमालयाचे प्रश्न. समुद्रकाठच्या मद्रासचा त्यांच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे.

मरीनावरून फिरताना समुद्राकडे तोंड करून उभी असलेली गोलाकार दर्शनी भागाची इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत तेथे नऊ दिवस राहिले होते, म्हणून १९६३ सालापासून तिचे नाव विवेकानंदर इल्लम आहे. पण त्या वस्तीला लोक अजूनही ‘आइस हाउस’च म्हणतात. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८४२ च्या सुमारास ही इमारत बर्फाचे कोठार म्हणून बांधली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील तळी गोठली की घोडे जुंपलेल्या कापणीयंत्रांनी चौकोनी लाद्या कापावयाच्या, लाकडाच्या भुशात गच्च रचून जहाजात भरावयाच्या आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून हिंदुस्थानात आणावयाच्या. १८३३ साली कलकत्त्याला निघालेल्या ‘टस्कनी’ जहाजात १८० टन बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन शिल्लक राहिला. मद्रासला त्या काळी बंदराचा धक्का नव्हता. लाटांतून ये-जा करणाऱ्या मसुला होड्यांतूनच हा थंडगार माल किनाऱ्यावर उतरे. तंजावरच्या मराठी घराण्यातील टी. माधवराव, जे पुढे त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण झाले, ते याच वर्षांत मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकत होते. म्हणजे आपल्या समाजाचा आणि या बर्फाचा मद्रासमधील मुक्काम एकाच वेळचा. मुंबईची गोष्टही गमतीची आहे. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत बर्फाचे पदार्थ वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, असे सांगतात. थोरो या लेखकाने आपल्या वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणारी टोळी पाहिली आणि त्या तळ्याच्या पाण्याशी मद्रास, मुंबई व कलकत्ता या तिन्ही शहरांचे नाते पुस्तकात नोंदवून ठेवले. ज्या प्रदेशातील तळ्यांवर मुले पायांना पाती बांधून खेळत, त्याच प्रदेशातील तळी कापून आपल्याकडे येत होती.

ट्यूडरचे खरे कसब कोणते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बर्फ मिळविणे त्याला अवघड नव्हते. त्याच्या देशात तो फुकट पडलेला होता. तो टिकवावा कसा, हे त्याला उमगले. भुसा किती घालावा, लाद्या किती जवळ रचाव्या, कोठाराच्या भिंती कशा असाव्या, हे त्याने वर्षानुवर्षे पैसे बुडवून शिकून घेतले. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि १८८० च्या सुमारास हा व्यापार संपला.

यंत्राचा बर्फ आला तसे खेळाचे भूगोलही बदलले. रिंगण गुळगुळीत करणारे ते प्रसिद्ध यंत्र शोधले फ्रँक झांबोनी याने, १९४९ साली, कॅलिफोर्नियात. हा गृहस्थ मूळचा बर्फाच्या लाद्या विकणारा. घरोघरी शीतकपाटे आली, लाद्यांचा धंदा बसला, तेव्हा त्याने आपल्या यंत्रसामग्रीवर स्केटिंगचे रिंगण उभारले. उन्हाच्या प्रदेशात बर्फाचे रिंगण ही त्यामुळे कल्पनेची भरारी नव्हे. बँकॉक, क्वालालंपूर आणि दुबई या शहरांत ती आहेत, आणि त्यांचे हवामान चेन्नईहून फारसे वेगळे नाही.

पाण्याची काळजी येथे सर्वप्रथम निघते. २०१९ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. म्हणून हिशेब मांडून पाहिला. साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद रिंगणावर तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा, तर साधारण पन्नास हजार लिटर पाणी लागते. म्हणजे नऊ हजार लिटरचे पाच-सहा टँकर. आपल्या कित्येक गृहसंकुलांनी त्या उन्हाळ्यात एका दिवसात तेवढे मागविले होते. रोजच्या दुरुस्तीस आणखी थोडे. खरा खर्च आहे तो विजेचा. फरशीखालच्या नळ्यांतून थंड द्रव अहोरात्र खेळवावा लागतो, खेळाडू असोत वा नसोत.

डेहराडूनचे उदाहरण पाहा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे पूर्ण आकाराचे बंदिस्त रिंगण बांधले गेले. २०१२ साली आशियाई चषकाचे सामनेही तेथे झाले. आणि मग ते कित्येक वर्षे बंद राहिले. २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले व ऑगस्टमध्ये तेथे आशियाई स्केटिंग स्पर्धा भरली, ही आनंदाची गोष्ट. परंतु मधल्या वर्षांत जी मुले बारांची वीस वर्षांची झाली, त्यांचे काय? मी अंदाजपत्रकांत आयुष्य घालविले आहे, म्हणून सांगतो : भांडवली खर्चाचा प्रस्ताव मंजूर करून घेणे त्या मानाने सोपे असते. कोनशिला असते, उद्घाटन असते. आवर्ती खर्चाला कोणी नारळ फोडत नाही. रिंगणाचा आराखडा मांडण्यापूर्वी पुढील दहा वर्षांच्या वीजबिलाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली आहे, हे विचारले गेले पाहिजे. आणि तशी तरतूद नसेल तर इमारत न बांधलेलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. काही मित्रांना ते निराशेचे वाटते. मला ते मुलांच्या बाजूचे वाटते.

रिंगण नसतानाही काय होऊ शकते, तेही सांगितले पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत लेह येथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत बर्फावरील स्केटिंगमध्ये सुवर्णपदके मिळविणाऱ्यांत तमिळनाडूची व महाराष्ट्राची मुले होती. म्हणजे आपण जेथे राहतो ते राज्य आणि आपण जेथून आलो ते राज्य! दोन्हीकडे आकाशातून बर्फ पडत नाही. ही मुले चाकांच्या स्केटवर, सिमेंटच्या वर्तुळात घोटून घोटून तयार होतात आणि बर्फ मिळेल तेथे जाऊन पाती बांधतात. तोल, वळण, मांड्यांची ताकद चाकांवर कमावता येते. पात्याची कड बर्फात रोवून थांबणे मात्र बर्फावरच शिकावे लागते. हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धांतही दिल्ली, चंडीगड, तेलंगण यांसारख्या बर्फहीन ठिकाणचे संघ उतरतात. पहाडी मुलांपुढे ते बहुधा हरतात, परंतु येत राहतात.

त्यांच्या मार्गातील अडचण वेगळीच आहे. लेहला उतरल्याबरोबर खेळता येत नाही. विरळ हवेची सवय होण्यास काही दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी लागते, आणि तेवढ्या मुक्कामाचा खर्च बहुतेक पालकांना झेपत नाही. शिवाय बर्फ असतो तो नेमका मार्चच्या परीक्षांपूर्वीचा काळ. आमच्या गृहसंकुलातील एक मराठी मुलगी रोज पहाटे चाकांवर सराव करते. तिच्या वडिलांनी मला विचारले, “साहेब, एवढे करून तिला बर्फ किती दिवस मिळेल?” मी त्यांना दहा म्हणालो. ते म्हणाले, “दहा मिळाले तरी पाठवीन.”

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक लेखी प्रस्ताव ठेवला आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून जी शिल्लक राहील, तीतून पुढील पाच हिवाळे दरवर्षी दोन मुलांना, मराठी असोत वा तमिळ, लेहला पंधरा दिवस पाठवावे : पाच दिवस विश्रांती, दहा दिवस बर्फ. प्रवास, निवास, उबदार कपडे, स्केट आणि सोबत जाणारे एक वडीलधारे माणूस यांचा तपशीलवार तक्ता प्रस्तावासोबत जोडलेला आहे. सहामाही परीक्षा संपताच मुलांना निघावे लागते व तिकिटे आधी काढावी लागतात, तेव्हा निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा अशी विनंती आहे.