स्वादुपिंडातील साध्या गाठी व त्यांवरील शस्त्रक्रिया
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आपल्या कुटुंबांपुढे बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय विरळ रोगाचा आहे. परंतु तो ओळखला न गेल्यास रुग्णाची वर्षे वाया जातात, म्हणून आम्ही तो निवडला.

जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड पाचक रस व इन्सुलिन तयार करते. त्यात गाठ म्हणजे कर्करोगच, हा समज सर्वस्वी खरा नाही. इन्सुलिनोमा ही गाठ दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांनाच होते. ती बहुधा २ सेंटिमीटरहून लहान आणि दहांपैकी नऊ वेळा साधी, म्हणजे न पसरणारी असते. मात्र ती अवेळी इन्सुलिन सोडते आणि रक्तातील साखर उतरते.

अशा रुग्णास उपाशीपोटी घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते, क्वचित फेफऱ्यासारखे झटके येतात. साखर पोटात गेली की तो सावध होतो. आपल्या घरांत एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र निष्ठेने पाळतात. गृहिणीस घेरी आली की उपवास बाधला म्हणतात. ती भलतेच बोलू लागली की अंगारा लावतात. न खाता पहाटेची लोकल गाठणारा नोकरदार फलाटावर कोसळला, तर अशक्तपणा म्हणून सोडून देतात. प्रत्येक घेरी म्हणजे गाठ नव्हे. पण तोच प्रकार पुनःपुन्हा घडून साखरेने थांबत असेल, तर झटक्याच्या वेळी रक्तशर्करा मोजून घ्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

१९२१ साली टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि त्याच नगरीत १९२९ साली डॉ. रोस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. पूर्वी शस्त्रवैद्यास बोटांनी चाचपून गाठ शोधावी लागे. आज देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपवास करवून निदान पक्के करतात व स्कॅन आणि एंडोस्कोपीद्वारा होणारी सोनोग्राफी यांनी जागा हेरतात. गाठ मुख्य नलिकेपासून दूर असल्यास तेवढीच सोलून काढतात. नलिकेस लागून असल्यास स्वादुपिंडाचा तो भाग काढावा लागतो. नंतर पाचक रस झिरपण्याचा धोका असतो, म्हणून अनुभवी हातच शोधावा. उलट, काही साध्या, पाण्याने भरलेल्या गाठी त्रास देत नसतील तर त्यांवर नुसती नजर ठेवणेच हिताचे ठरते.

प्रथम तपासणी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात करावी. पुढे परळच्या के. ई. एम. सारख्या मोठ्या रुग्णालयाची वाट आपल्या लोकलनेच जाते. खर्चाची विवंचना असल्यास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेविषयी तेथील आरोग्यमित्रास विचारावे.

व्रते अवश्य पाळावीत. पण शरीर वारंवार इशारा देत असता तो दैवावर टाकू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.