पिकांनी जपलेला इतिहास



विमानाने माणसाला काय दिले, असे विचारले की वेग आणि अंतरावरील विजय ही उत्तरे चटकन सुचतात. परंतु याच विमानाने इतिहाससंशोधनाला एक नवी दृष्टी दिली, याकडे आपले क्वचितच लक्ष जाते.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात स्टोनहेंज हे प्रचंड शिळांचे जगप्रसिद्ध वर्तुळ आहे. तेथून सुमारे तीन किलोमीटरवरील एका शेतात नांगराने झिजलेला मातीचा गोलाकार बांध होता. ती एखादी जुनी दफनभूमी असावी, असा समज होता. १९२५ साली ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांनी त्या जागेचे विमानातून छायाचित्र घेतले, तेव्हा वर्तुळाच्या आत ठिपक्यांच्या रांगा आढळल्या. पुढच्या उन्हाळ्यात गहू वाढला आणि ते ठिपके अधिकच स्पष्ट झाले.

यामागील कारण साधे आहे. एकदा खणलेला खड्डा पुढे बुजला, तरी तेथील माती खोल राहते आणि ओल धरून ठेवते. म्हणून त्यावरील पीक जोमाने वाढते. पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असतो. तेथील पीक लवकर पिवळे पडते. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा फरक विस्कळीत भासतो. आकाशातून मात्र त्याची आकृती बनते.

मॉड आणि बेंजामिन कनिंग्टन या दांपत्याने १९२६ ते १९२८ या काळात तेथे उत्खनन केले. लाकडी खांबांच्या खड्ड्यांची एकात एक अशी सहा वर्तुळे उजेडात आली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे स्थान आज ‘वुडहेंज’ म्हणून ओळखले जाते. लाकूड केव्हाच कुजले होते. मातीने त्याची आठवण तेवढी जपली होती.

२०१८ च्या दुष्काळात आयर्लंडमधील न्यूग्रेंजजवळ ड्रोनमधून असेच एक अज्ञात प्राचीन वर्तुळ दिसले. अशा खुणा पाऊस पडताच पुसट होतात, आणि खोल नांगरट तर त्यांचे मूळच उखडून टाकते.

म्हणूनच दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. उंचीवरून जागा कळते. तिचा काळ आणि अर्थ मात्र कुदळ हाती घेतल्यावरच कळतो. छायाचित्र हा पुराव्याचा आरंभ आहे, निष्कर्ष नव्हे. आणि जी जमीन आपल्याला रिकामी वाटते, ती रिकामी असतेच असे नाही. तिच्यावर यंत्र फिरवण्यापूर्वी एकदा वरून पाहावे, एवढेच आपणा सर्वांना सांगणे.