मुलींच्या खो-खोविषयी थोडेसे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'महिला आणि क्रीडा' असा विषय दिलाय. हा विषय एवढा मोठा, की त्यात काहीही बसतं. म्हणून मी एकाच खेळाबद्दल बोलते. पण आधी दुसऱ्या एका खेळाला वळसा घालून येते, तेवढं सांभाळून घ्या.

माझी लेक पुण्याला शिकायला आहे. तिथं मॉलमध्ये ती मैत्रिणींबरोबर बोलिंग खेळते. क्रिकेटची गोलंदाजी नव्हे बरं का. गुळगुळीत लांब पट्टी, साठ फुटांवर त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना, आणि बोटं अडकवून धरायचा जड गोळा. गोळा घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. मी म्हटलं, अगं ही तर आपली लगोरी, फक्त एसीतली! तिला ते काही पटलं नाही. तिनं मला या खेळातल्या बायकांची माहितीच ऐकवली. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा आला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून खेळवला, तेव्हा महिलांत फिलिपिन्सची आरियान सेर्देन्या पहिली आली. आणि २०१० साली अमेरिकेच्या केली कुलिक हिनं पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेतल्या मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्सला २६५ विरुद्ध १९५ असं हरवलं. त्या मालिकेत जिंकणारी ती पहिली बाई. स्पर्धेत पट्टीवर तेलाचा थर देतात, तो डोळ्यांना धड दिसतही नाही. गोळा कुठं घसरेल आणि कुठं वळेल, हे खेळता खेळता ओळखायचं. म्हणजे नुसत्या ताकदीचं काम नाही ते.

ऐकून बरं वाटलं. पण मनात आलं, हा खेळ झरीच्या पोरीला कधी मिळायचा? पिना उभ्या करायलासुद्धा यंत्र लागतं. आपल्याकडं यंत्र आलं तरी त्याला वीज पाहिजे, आणि विजेचं तुम्हाला मी काय सांगू.

खो-खोला काय लागतं? चार फुटांचे दोन खांब आणि सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर सपाट जागा. फक्की आणि शिट्टी. बास.

आता हा खेळ कुठवर गेलाय ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात खो-खो म्हणजे पीटीच्या तासाला मास्तर दमले की लावायचा खेळ. (समोर बसलेल्या सरांनी रागावू नये.) १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम बांधले. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला विश्वचषक झाला. महिलांचे एकोणीस संघ होते. खो-खो मातीतून मॅटवर आणि मैदानातून दिव्यांखाली गेला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. म्हणजे आपल्या शेजारचीच की!

त्याआधीचं नाव धाराशिवच्या सारिका काळेचं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक घेतलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. घरची परिस्थिती बेताची, पण पाठीशी चंद्रजीत जाधवांसारखे प्रशिक्षक उभे राहिले. धाराशिवमधून एकामागून एक मुली राष्ट्रीय संघात जातात, तो काही चमत्कार नाही. तिथं कुणीतरी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मैदानावर हजर असतं.

आमच्या बॅचच्या मुलींना आठवत असेल. पाटीवर बसल्यावर कान मागं लागलेले असायचे, 'खो' कधी येतो म्हणून. एक-दोघी तर अशी हुलकावणी द्यायच्या की पाठलाग करणारी थेट खांबाला जाऊन धडकायची. सूर मारला की गुडघे फुटायचे, आणि घरी ते लपवायचे, कारण दिसले तर उद्यापासून खेळ बंद. नववीत गेल्यावर बऱ्याच जणींचा तसाही बंद झाला. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायची होती. जिंतूरला किंवा परभणीला सामन्याला जायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न यायचा, सोबत कोण, आणि दुसरा, परत कधी. दोन्ही प्रश्न बरोबरच होते. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

मागच्या महिन्यात मी शाळेत जाऊन आले. मुली अजून खेळतात. एक खांब बुडातून हलतो, म्हणून त्याला दगडांची पाचर ठोकलीय. मैदान आपलंच, काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, त्यात पाय अडकला की घोटा गेलाच. आठवीतल्या एका मुलीला विचारलं, बाहेर सामन्याला जातेस का? ती म्हणाली, "जीपचं भाडं जमलं तर." हे तिनं रडून नाही सांगितलं, सहज सांगितलं. मला तेच जास्त लागलं.

आता मूळ मुद्दा. आपण वर्गणी जमवतोय ती प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी. कमानीवर बॅचचं नाव येणार, फोटो निघणार. मला त्याचा राग नाही. पण त्याच पैशात मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवता येतो, दोन पक्के खांब येतात, आणि तालुका-जिल्ह्याच्या सामन्यांना गाडी आणि मुलींसोबत जाणाऱ्या एका बाईंचा खर्च निघतो. सरावानंतर खायला शेंगदाणे-गूळ ठेवला तर आणखी उत्तम. उपाशी पोटी पाठलाग होत नाही, हे खेळलेल्या कुणालाही विचारा.

हे एका वर्षाचं काम नाही. म्हणून गावातच राहणाऱ्या आपल्या चार-पाच मित्रमैत्रिणींनी, शाळेची परवानगी घेऊन, यात लक्ष घालावं. बाहेर असलेल्यांनी दरवर्षी जूनमध्ये, पेरणीच्या आधी, जमेल तेवढं पाठवावं. खात्यात किती आले आणि किती गेले, त्याचा कागद शाळेच्या फलकावर लावावा.

माझा वाटा मी आज सकाळीच खजिनदारांकडं दिलाय. पावतीवर त्यांनी 'कमान निधी' असं लिहिलंय. आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांशी बोलून ठरवा, आणि ठरलं तर माझ्या पावतीवर 'कमान' खोडून तिथं 'मुलींचा खो-खो' लिहून द्या. पेन माझ्याकडं आहे.