मंठाळचे रोजचे जीवन कोणी लिहावे?



आपल्या न्यासाच्या या महोत्सवी मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा सन्मान समजतो. न्यासाच्या कार्याचा आढावा यापूर्वीच घेतला गेला आहे. तेव्हा आम्ही थोडे लांबून, म्हणजे थेट विलायतेहून, आरंभ करणार आहो. पण काळजी नसावी, वेळेत मंठाळास परत येऊ.

विलायतेस जाऊन आलेल्या आपल्याकडील मंडळींनी तिकडच्या गावांची वर्णने मोठ्या हौसेने केली. पहाटे दारापुढे ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या, कोपऱ्यावरची लाल टपालपेटी, बसगाडीसाठी मुकाट्याने लागलेली रांग आणि दोन माणसे भेटताच निघणारा हवापाण्याचा विषय, हे सारे आपण येथे बसून वाचले. परंतु इंग्रजांनी स्वतःही आपली खेडी लिहून ठेवली आहेत. हँपशर परगण्यात सेल्बोर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने १७८९ साली त्या खेड्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पाकोळ्या कधी येतात, पाऊस किती पडला, बागेतले कासव कधी जमिनीत दडून बसते नि कधी वर येते, असल्या साध्या गोष्टी त्यात आहेत. तो ग्रंथ आजही छापला जातो. एका माणसाने रोज पाहिले आणि पाहिलेले लिहिले, एवढ्यावर त्या खेड्याचे नाव जगभर झाले.

कोणी म्हणेल, ही साहेबाची रीत, आपली नव्हे. तसे नाही. आपले तालुक्याचे गाव बसवकल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार, हत्ती-घोडे, रत्ने यांच्याबरोबर स्वयंपाक आहे, खेळ आहेत, आणि महाराष्ट्रातील बायका कांडण करताना ओवी गातात अशी नोंदही आहे. राजाला ज्या उखळापाशी थांबून ऐकावेसे वाटले, त्या उखळापाशी आपण का थांबू नये?

आता आपल्या आठवडी बाजाराकडे पाहा. भाजीवाली एका गिऱ्हाईकाशी कानडीत बोलते, दुसऱ्याशी मराठीत, तिसऱ्याशी दखनीत. हिशेब मात्र ज्याचा तो मनातल्या मनात मायबोलीत करतो. आपल्या घरातील अक्का आणि अण्णा कानडीतून आले. दुकान, कागद, तारीख ही फारशीकडून आली. त्यांना कोणी हद्दीवर अडविले नाही.

आणि येळवस! मार्गशीर्षातल्या अमावास्येस बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या भागांत गावेच्या गावे ओस पडतात, कारण सारी माणसे शिवारात असतात. कडब्याची कोप करून तिच्यात पांडव मांडतात, त्यांची पूजा होते. मग भज्जी, उंडे, भाकरी आणि मडक्यातले आंबील. ज्याला शेत नाही त्याला आग्रहाने बोलावून जेवू घालतात; त्याची जात आणि भाषा त्या दिवशी कोणी विचारीत नाही. कानडी शेजारी या सणाला एळ्ळ अमावास्या म्हणतात, आपण येळवस म्हणतो. पंक्ती मात्र सारख्याच बसतात.

हे सारे डोळ्यांसमोर असता लिहून ठेवण्याची घाई कशासाठी? कारण सांगतो. निजामी राज्यात ज्यांचे वरचे शिक्षण झाले, ते उर्दूत झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे १९७३ पासूनच्या कर्नाटकात, आलो. पुढच्या पिढीने कानडी गिरविली, आणि नातवंडे आता इंग्रजी शाळेत जातात. एकाच घरात पणजोबांची मोडी, आजोबांची उर्दू, वडिलांची कानडी आणि मुलाची इंग्रजी! ट्रंकेत कागद आहेत, पण वाचणारा नाही. आजी बोलते ती मराठी कानावर पडते, पण ती कोणत्याच वहीत नाही. पेव, खळे, तिफण, शिंके हे शब्द वस्तूंबरोबरच निघाले आहेत.

याच कल्याणात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली आणि वडिलार्जित मालमत्ता कोणास कशी मिळावी हे सांगितले. जमीन न बोलताही वारसाला मिळते. बोली तशी मिळत नाही. ती कोणीतरी बोलावी लागते, कोणीतरी ऐकावी लागते.

म्हणून न्यासापुढे आमची एक लहानशी सूचना आहे. या महोत्सवानिमित्त प्रत्येक सभासदाच्या घरी एक कोरी वही द्यावी. घरातील शिकत्या मुलाने आठवड्यातून एकदा वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि एक पान लिहावे: एखादी ओवी, एखाद्या पदार्थाची कृती, शेताचे नाव, विहिरीची हकीकत. वर तारीख घालावी. शब्द जसा बोलला तसाच लिहावा. येळवसचे 'वेळ अमावास्या' करू नये. ज्यांना उर्दू अथवा मोडी वाचता येते त्यांच्याकडून जुने कागद आजच वाचून घ्यावेत. वर्षाअखेर वह्या न्यासाच्या कपाटात जमा कराव्यात. शेजारच्या कानडी घरानेही आपली वही आणली, तर ती त्याच कपाटात मानाने ठेवावी.

खर्च वह्यांचा तेवढा. बाकी लागेल ती फुरसत.