तार तुटेपर्यंत



"तू सॉफ्टवेअरवाली, तुझा मेंदूशी काय संबंध?" असं सकाळपासून तिघांनी विचारलं. म्हणून त्यावरच बोलते. वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यातलं एक उपकरण म्हणजे गाईडवायर.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा फुगा आला, तर पुष्कळदा कवटी न उघडता उपचार करता येतात. मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून एक तार वर नेतात आणि तिच्यावरून बारीक नळी सरकवतात. ही तार साधारण ०.३६ मिलिमीटर जाड आणि दोन मीटर लांब असते. गाभा स्टीलचा किंवा निटिनॉलचा, क्ष-किरणांत दिसावं म्हणून टोकाशी बहुधा प्लॅटिनमचं वेटोळं, आणि वरून ओला झाला की बुळबुळीत होणारा लेप.

ती सुरक्षित आहे हे कसं ठरवायचं? तोडून! एक तार तुटेपर्यंत खेचायची. दुसरीचं टोक घट्ट धरून पीळ देत राहायचं आणि किती वेढ्यांनी तुटते ते मोजायचं. तिसरी ३७ अंश तापमानाच्या पाण्यात, मेंदूतल्या वाहिन्यांसारख्या नागमोडी नळीतून फिरवायची आणि मग त्या पाण्यात लेपाचे किती कण सुटले ते मोजायचे. अगदी १० आणि २५ मायक्रॉनपासूनचे. कारण सुटलेला लेप वाहिनी बंद करू शकतो. पक्षाघातावर इलाज करायला गेलेली तारच पक्षाघात घडवू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली अशा लेपांबद्दल इशारा दिला होता.

खरा वाद पुढे असतो. दहांपैकी नऊ तारा उत्तम, एक लवकर तुटलेली. "सरासरी छान आहे, ती एक वगळा ना," असं घाईतले लोक म्हणतात. पण रुग्णाच्या मेंदूत सरासरी जात नाही, एकच तार जाते. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकडा कुणालाच पुसता येत नाही. वगळायचा असेल तर कारण आणि नाव लिहावं लागतं. ही अट काढून टाका, असा आग्रह आम्हाला अनेकदा झाला. आम्ही ती काढली नाही.

विज्ञानाच्या बाईंना आठवत असेल, प्रयोगवहीत खोडरबर चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, आणि शेजारी नवा आकडा. जुना वाचता आलाच पाहिजे. बाई, तुमचा तो नियम अजून पाळला जातोय.